गृहीत धरलेले उंदीर

मुंबईत सर्वांना समान संधी मिळाल्याचा लेखी पुरावा अखेर माझ्या हाती लागला. कागद १९२७चा, लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेला. संधी मिळाली आहे ती उंदरांना.

झालं असं, की एडिंबराचा कर्मॅक आणि हिंदुस्थानात वैद्यकीय नोकरी करून परतलेला मॅकेन्ड्रिक या दोघांनी साथीचं गणित मांडलं. लोकांचे तीन गट पाडायचे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले. सुटलेल्यांत बरा झालेलाही आला आणि मेलेलाही. दोघांना एकच रकाना! एवढी काटकसर आपल्या महसूल खात्यालाही जमलेली नाही.

पडताळ्यासाठी त्यांनी घेतला मुंबईचा प्लेग. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. सूत्राची रेघ त्या आकड्यांवर मापं घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी बसली. आठवड्याला ८९०पर्यंत चढली आणि उतरली. गंमत या उतरण्यात आहे. साथ ओसरायला सगळ्या गावाला लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकणारे एका मर्यादेखाली आले, की ती आपसूक उताराला लागते. म्हणून तर साथीच्या शेवटी विकलेल्या काढ्याला हमखास गुण येतो.

पण खरा ऐवज या रेघेच्या आकृतीखालच्या मजकुरात आहे. माणसांचा प्लेग ही उंदरांच्या प्लेगची सावली, असं तिथे म्हटलंय. मग गृहीतकं येतात: सगळे उंदीर लागणीला सारखेच कच्चे, बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची संधी सारखीच. म्हणजे मांडवीच्या गोदामातला उंदीर आणि मलबार हिलच्या बंगल्यातला उंदीर एका पंगतीला! आणि पुढे कबुली: यातलं एकही गृहीतक तंतोतंत खरं नाही, सबब हे सूत्र अगदी ढोबळ समजावं. रेघ इतकी सुरेख बसल्यावरही हे लिहायला छाती लागते.

आता आपली छाती पाहा. २४ एप्रिल २०२० रोजी दिल्लीच्या पत्रकार परिषदेत कोरोनाच्या नव्या रुग्णांची एक रेघ दाखवली गेली. ती १६ मेला शून्यावर टेकत होती. १६ मे उजाडला. नवे रुग्ण हजारोंनी. मग खुलासा आला, की अमुक तारखेला शून्य होईल असं कुणी म्हणालंच नव्हतं, गैरसमज झाला. चूक रेघेची नाही, काढणाऱ्याची नाही, वाचणाऱ्याची!

गणित गृहीत धरल्याशिवाय चालत नाही, आणि राज्यही. फरक एवढाच, की त्या दोघांनी उंदरांना गृहीत धरलं ते लिहून ठेवलं. आपल्याला गृहीत धरणारे लिहून देत नाहीत.

तेव्हा पुढच्या साथीत कुणी रेघ नाचवायला लागला, तर वाचकहो, टाळ्या नंतर वाजवा. आधी आकृतीखालचा मजकूर मागा.