फातोर्डा, व्हाया करबुडे

मुंबईहून फुटबॉलचा सामना बघायला गोव्याला निघालोय, हे मांडवी एक्स्प्रेसमध्ये कुणाला सांगू नये. समोरच्या बाकावरच्या कुडाळच्या काकांनी ठाणं यायच्या आत चौकशी उरकली होती. "लग्न आहे?" नाही. "देवाचं काही?" तसंही नाही. "म्हणजे जमिनीचं." कोकण रेल्वेत माणूस या तीन कारणांशिवाय पाऊल टाकत नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. उद्या फातोर्ड्याला एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांचा सामना आहे, म्हटल्यावर त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी न बोलता डबा उघडून मला बेसनाचा लाडू दिला. आजाऱ्याला देतात तसा, हातात ठेवून वर मूठ मिटून.

पनवेल मागे पडलं आणि मी सामन्याचा अंदाज मांडायला घेतला. फातोर्ड्याचं नाव काढलं की मुंबईच्या चाहत्याला आधी १७ नोव्हेंबर २०१५ आठवतो. त्या संध्याकाळी गोव्याने सात गोल केले आणि आम्ही एकही नाही. हाओकिप आणि डुडू या दोघांनी एकाच सामन्यात हॅटट्रिक केली. गोव्याच्या बाकावर साक्षात ब्राझीलचा झिको! आमच्याकडे निकोलस आनेल्का. तो खेळाडूही आणि प्रशिक्षकही, त्यामुळे ओरडायचं कुणावर हा प्रश्न त्याचा त्यालाच पडला असणार.

तरीही मी आशेवर आहे, आणि ती आशा हवेतली नाही. गोव्याला एक जुनं दुखणं आहे : नव्वदावं मिनिट. त्याच २०१५ च्या डिसेंबरात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, अंतिम सामना, तोही याच मैदानावर. ८७व्या मिनिटाला गोवा चेन्नईयिनच्या पुढे गेला, मडगावात फटाके काढले गेले असतील, आणि नव्वदीत दोन गोल खाऊन गोवा ३-२ असा हरला. २०२१ चा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यालाच, रिकाम्या स्टँडसमोर. गोव्याचा त्यात संबंध नव्हता, पण मैदानाला सवय लागलेली. मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगने गोल मारला तो नव्वदाव्याच मिनिटाला, आणि चषक मुंबईचा.

आणि मग २४ एप्रिल २०२४. उपांत्य फेरीचा पहिला सामना, गोवा २-० पुढे. हा सामना मी काकांना मोबाइलवर दाखवायला घेतला. चिपळूण गेलं होतं, कटलेट आले होते, काका बऱ्यापैकी गुंतले होते. पडद्यावर घड्याळ नव्वदाला टेकलं, आमच्या छांगटेकडे चेंडू आला आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. नेटवर्क गेलं. काळोखातून काकांचा आवाज आला, "हरलात ना? मग परत कशाला जाता?" मी तोंडी सांगायला लागलो : नव्वदाव्याला छांगटे, पाठोपाठ विक्रम प्रताप सिंग, शहाण्णवाव्याला पुन्हा छांगटे, २-३! उजेडात आलो तेव्हा काका घोरत होते. पुढे ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून आम्ही चषक घेतला, हे ऐकायला एकट्या काकू जाग्या होत्या. दुसरा लाडू मिळाला.

कणकवलीला फोंडा घाट उतरून आलेला एक कोल्हापूरकर चढला. फुटबॉल म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. आयएसएल म्हटल्यावर विझले. "मुंबईत फुटबॉलच्या तालमी किती हायत?" एकही नाही, म्हणालो. "मग संघ कसला?" त्याने तिथेच आम्हाला बाद केलं. "या की एकदा शाहू स्टेडियमवर. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघा, मग ह्ये आयएसएल-बियएसएल बघणार न्हाईसा." २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हेही त्याने सावंतवाडीपर्यंत वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. खरं सांगायचं तर महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूरच. पण हे गाडीत कबूल केलं असतं तर तो मडगावपर्यंत बोलत राहिला असता.

मडगावला उतरून मोटारसायकलवाला पायलट पकडला. शर्टाच्या आतली आकाशी जर्सी त्याला कॉलरशी दिसली, आणि भाडं तिथल्या तिथे वाढलं. वाटेत स्टेडियम दाखवत म्हणाला, "नव्वद मिणटां मेरेन आमीच जिखतात, पात्रांव. उपरांत देवाक खबर." त्याच्या मनात सल होता तो ब्रँडन फर्नांडिसचा. त्या एप्रिलच्या रात्री गोव्याचा दुसरा गोल त्याचाच, आणि दोन-तीन महिन्यांत तो मुंबईच्या संघात. "ब्रँडन आमचो. तुमी व्हेलो." वाढीव भाडं मी मुकाट्याने दिलं.

आता अंदाज. पहिल्या अर्ध्या तासात गोवा एक गोल करणार, मध्यंतरानंतर दुसरा. नारिंगी स्टँड नाचणार, मी मान खाली घालून शेंगदाणे खाणार. निकाल : गोवा २, मुंबई ३. गोव्याच्या प्रेक्षकांना एकच विनंती, पंच्याऐंशीव्या मिनिटाला गाडी काढायला उठू नका. सामना साडेसातला सुरू होतो, मुंबईचा सव्वानऊला.