आधी एसी लावा, मग मोजा!

27.97. मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचं 2022 साली जाहीर झालेलं लिटरमागचं मायलेज. दशांशानंतरचे दोन अंक बघून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. मोजणी काटेकोर असतेही. पण ती होते चाचणीच्या खोलीत, रोलरवर, वीसेक मिनिटं, ताशी 90 च्या वर न जाता आणि एसी बंद ठेवून. मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतं?

हायब्रिडला हा एसी फारच महागात पडतो. सिग्नलला गाडी थांबते, इंजिन बंद होतं, तरी आत गारवा टिकतो, कारण कॉम्प्रेसर बॅटरीवर फिरतो. बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. चार्ज उतरला की गाडी जागेवर उभी असतानाच इंजिन आपोआप सुरू होतं आणि पेट्रोल जाळून बॅटरी भरू लागतं. तेवढा वेळ मायलेज शून्य.

तंत्रज्ञानावर माझा राग नाही. शहरातल्या गर्दीत हायब्रिड साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी पिते, यात वादच नाही. राग आहे तो आकड्यावर. त्याच्याच भरवशावर माणूस लाखभर, दोन लाख जास्त मोजतो, हप्ते वाढवून घेतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला 28 ऐवजी 20 मिळाले, तर 14 लिटर पेट्रोल जास्त लागतं. दर महिन्याला! हे त्याला गाडी घेण्याआधी कोणी सांगायचं?

अमेरिकेने 2008 च्या मॉडेलपासून हिशेबात एसी, कडाक्याची थंडी आणि जोराचा वेगही धरला. प्रियसचं शहरातलं मायलेज गॅलनला 60 मैलांवरून 48 वर आलं. गाडी तीच होती. युरोपने तर नव्या गाड्यांमध्येच इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली. त्या नोंदींतून 2024 मध्ये उघड झालं की प्लग-इन, म्हणजे बाहेरूनही चार्ज होणाऱ्या हायब्रिड गाड्या कागदावर दाखवतात त्याच्या साडेतीनपट कार्बन प्रत्यक्षात सोडतात.

आपल्याकडे पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आहे. यंत्रं आहेत, जाणकार माणसं आहेत. एसी लावून, ताशी 100 ने पळवून मोजणं त्यांना जड नाही. एक्स्प्रेस वेवर सपाट रस्त्याला तेवढा वेग कायद्याने चालतो. मग तो आकडा शोरूममध्ये किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत लावा. एसी बंद ठेवून आलेला हवा तर खाली छापा.