सामाजिक न्यायमंत्र्यांस: साहेब, खिसा सांभाळा

मा. संजयजी शिरसाट साहेब,
सामाजिक न्यायमंत्री आणि आमच्या छत्रपती संभाजीनगरचे पालकमंत्री यांस,


पत्रास कारण की, मे २०२५ मध्ये तुमच्या खात्याचे ४१०.३० कोटी रुपये लाडक्या बहिणीच्या हप्त्याला गेले आणि तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. खात्याची गरज नसेल तर बंदच करून टाका, असं तुम्ही संतापून म्हणालात. काय हा बाणेदारपणा! घरफोडी झाली म्हणून घरच पाडा म्हणण्यासारखा. आदिवासी विकासचे ३३५.७० कोटीही त्याच वाटेने गेले, पण ते खातं तुमचं नाही, तेव्हा राहू द्या.

मला खरं कौतुक वाटतं ते सफाईचं. घटनेचं कलम २०३ सांगतं, खर्चाच्या मागण्या सभागृहापुढे ठेवा. २०४ सांगतं, विनियोजनाचा कायदा करा. २६६ सांगतं, कायद्याशिवाय एकत्रित निधीतला रुपया हलणार नाही. एका मागणीतले पैसे दुसरीत न्यायचे तर पुन्हा सभागृहाची पायरी चढावी लागते. हे कुंपण घालणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, ते नागसेनवनाच्या गावातल्या मंत्र्याला मी काय सांगावं?

पण कुंपण कुणी तोडलंच नाही, हीच तर गंमत. तरतूद अर्थसंकल्पातच होती, असं सरकार म्हणतं. म्हणजे मार्चमध्ये सभागृहानेच फाटक उघडून दिलं. तुम्ही वित्त खात्यात शकुनी शोधलात. साहेब, फासे पडले तेव्हा पटाशी तुम्हीही बसला होतात!

वर युक्तिवाद असा की, लाडक्या बहिणींत अनुसूचित जातींच्या बहिणीही आहेत, मग पैसा त्यांनाच मिळाला ना! वा. उद्या समृद्धी महामार्गावरून दलितांच्याही गाड्या जातात म्हणून त्याचं काँक्रीट अनुसूचित जातींच्या निधीतून घ्या. १९७९ पासून अनुसूचित जातींसाठी हा वेगळा हिस्सा काढला जातो तो कशासाठी? सगळ्यांना मिळतं त्याच्यावर काहीतरी जास्तीचं द्यायचं म्हणून. सगळ्यांना द्यायचंय तेच यातून दिलं, तर ती निव्वळ लूट आहे. आणि तिच्यावर सभागृहाचा शिक्का आहे, म्हणून जास्त चीड येते.

विद्यापीठाच्या मागे बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात या एकदा. वसतिगृहात नंबर न लागलेली पोरं खोल्या करून राहतात. स्वाधार योजनेचे वर्षाला ५१ हजार, तेही हप्त्याने. हप्ता लांबला की मेसवाला वही पुढे सरकवतो. त्या वहीत लेखाशीर्ष नसतं, नुसती बाकी असते. मग गावाकडची आई आपल्या खात्यावर आलेले लाडक्या बहिणीचे पंधराशे पोराला फोन-पे करते. म्हणजे पैसा फिरून पोरालाच पोचला. वित्त खात्याला हिशेब जुळल्याचा आनंद व्हावा.

एक मात्र कबूल करतो. तुम्ही निदान बोललात. आपल्याच सरकारात आपल्याच खात्यासाठी आरडाओरडा करावा लागणं, हे काही सुखाचं नाही. त्या दिवशी तुमची कीव आली आणि थोडा अभिमानही वाटला.

आता रागावू नका, विधेयक आणा. अनुसूचित जातींच्या निधीला कायद्याचं संरक्षण आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच दिलं. कर्नाटकातही गॅरंटी योजनांसाठी या पैशांवर हात पडलाच, पण तिथे निदान सरकारसमोर धरायला कायदा तरी आहे. आपल्याकडे तोही नाही. मसुदा बंगळुरूहून मागवा. टपालखर्च आम्ही वर्गणी काढून भरू. तेवढ्यासाठी स्वाधारचे पैसे वळवू नका.

आपला,
एक करदाता