पाळण्यातली पोर्ट

दर तीन-चार वर्षांनी लंडनमधल्या एखाद्या दालनात सकाळी अकराच्या सुमाराला कोट-टाय घातलेली सभ्य माणसं जमतात. दीड-दोन तासांनी तीच माणसं बाहेर पडतात तेव्हा त्यांचे दात जांभळे, ओठ जांभळे, आणि जिभेचं तर विचारूच नका. कुणाच्या कफवर ठिपका, कुणाच्या वहीवर गोल डाग. एकमेकांचा निरोप घेताना सगळे तोंड मिटून हसतात. नुकत्याच जाहीर झालेल्या व्हिंटेज पोर्टची, म्हणजे एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांच्या पोर्टची, चव घ्यायला आलेली ही मंडळी. जी वाइन वीस-तीस वर्षांनी रंगात येणार असं जाणकार सांगतात, तिला ती दीड-दोन वर्षांची असतानाच गुण द्यायचं काम त्यांनी पोटापाण्यासाठी पत्करलेलं असतं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपल्याकडे म्हणतात. पोर्टच्या बाबतीत पाय त्याच्याही आधी दिसतात, आणि ते दुसऱ्यांचे असतात. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदीच्या खोऱ्यात सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षांची तोडणी होते. मग उत्तम द्राक्षं ‘लगार’ नावाच्या ग्रॅनाइटच्या बुटक्या, ऐसपैस हौदात ओततात आणि अर्ध्या चड्डीतली माणसं त्यात उतरतात. पहिले दोन तास लष्करी खाक्या. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगा धरायच्या आणि मुकादमाच्या ‘एक-दोन, एक-दोन’वर इंच इंच पुढे सरकायचं. गुडघ्याच्या वरपर्यंत गार लगदा, आणि वर दिवसभराच्या कामाने आंबलेलं अंग. दोन तास सरले की स्वातंत्र्य जाहीर होतं. खरोखर ‘लिबरदाद’ असंच ओरडतात. कुणीतरी अकॉर्डियन काढतं आणि त्याच हौदात नाच सुरू होतो.

यात हौसेपेक्षा घाई जास्त आहे. साध्या लाल वाइनला सालींतला रंग आणि तुरटपणा उतरवायला आठवडा-दोन आठवडे मिळतात. पोर्टला जेमतेम दोन-तीन दिवस. रसातली निम्मी साखर आंबून झाली की त्यात 77 टक्के मद्यार्काचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात आणि यीस्टचा कारभार तिथेच आटोपतो. उरलेली साखर उरलेलीच राहते. तेव्हा जे काही सालींतून काढायचं ते या दोन-तीन दिवसांत. माणसाचा तळपाय साल पुरेपूर रगडतो पण बी फोडत नाही, त्यामुळे बियांचा कडवटपणा रसात येत नाही. हे तळपायाचं कौतुक इतकं, की पोर्ट बनवणाऱ्या सिमिंग्टन घराण्याने यंत्रं आणली तीही सिलिकॉनचे पाय लावलेली. यंत्रं तक्रार करत नाहीत, नाचतही नाहीत. टेलर आणि फॉन्सेका या घराण्यांची व्हिंटेज मात्र अजून माणसंच तुडवतात.

हिशेब असा: 550 लिटरच्या पिंपात 435 लिटर रस आणि 115 लिटर स्पिरिट. तयार मालात मद्यार्क 20 टक्के आणि लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास साखर. स्पिरिट घालणं म्हणजे वाइनचा सत्यानाश, असं एकोणिसाव्या शतकात जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी कंठशोष करून सांगत होता. त्याने दोरू नदीचे इतके उत्तम नकाशे काढले की पोर्तुगालने त्याला बॅरन केलं. 1861 मध्ये त्याच दोरूत, वालेइराच्या खळाळात त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी त्याला तळाशी नेलं आणि सोबतच्या दोना आंतोनिया फेरेइरा या बड्या मळेवालीला तिच्या घेरदार झग्याने तरंगत ठेवलं, अशी आख्यायिका आहे. स्पिरिटवाले वाद जिंकले. एवढी नदी पाठ असलेला माणूस नदीतच जावा, हे मात्र फार झालं.

द्राक्षं तुडवून झाली म्हणून व्हिंटेज झाली, असं नाही. आधी दोन हिवाळे पिंपात काढायचे. घराण्यातली चाखणारी माणसं तिला पुन्हा पुन्हा जिभेवर घेणार, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघणार आणि दुसऱ्या वसंतात ठरवणार: जाहीर करायची की नाही. बरीच घराणी त्यासाठी 23 एप्रिलचा, सेंट जॉर्जचा दिवस धरतात. पोर्टवर इंग्रजांची पकड किती घट्ट आहे हे यावरून कळावं. वाइन पोर्तुगालची, मुहूर्त इंग्लंडच्या संताचा. पोर्तो इथल्या सरकारी संस्थेच्या चाखणाऱ्यांनी मान्यता दिली की ती न गाळता बाटल्यांत भरतात. दहा वर्षांत असा योग साधारण तीनदा येतो. 2011 आला, मग 2016, आणि लगेच 2017. लागोपाठ दोन वर्षं बहुतेक सगळ्यांनी व्हिंटेज जाहीर करावी हे इतकं नवलाचं होतं, की विकणाऱ्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं असावं.

जाहीर करणं हे निव्वळ आकाशाच्या कृपेवर नसतं, गल्ल्याकडेही बघावं लागतं. 1931 ची द्राक्षं फार चांगली होती, पण जगात मंदी होती आणि 1927 चा माल अजून खपायचा होता. बहुतेक घराणी गप्प बसली. किंता दो नोव्हाल या घराण्याने मात्र ती व्हिंटेज काढली, आणि कलम न केलेल्या वेलींची तिची ‘नासिओनाल’ आज दंतकथेत जमा आहे.

आता प्रत्यक्ष चाखणं. प्रस्तुत लेखकाचं निरीक्षण असं, की पहिल्या पेल्याला प्रत्येक जण कवी असतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. मध्यभागी शाईचा काळोख. पलीकडे धरलेलं बोट दिसत नाही. कडेला तेवढी गुलबक्षी किनार. नाक आत घातलं की आधी व्हायोलेटची फुलं, मग काळी फळं, मग ‘एस्तेवा’चा वास. एस्तेवा हे दोरूच्या उतारांवरचं चिकट पानांचं रानझुडूप. ते ज्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही तेही वहीत ‘एस्तेवा’ लिहितात. तोंडात आधी साखर येते आणि सगळं कसं छान चाललंय असं वाटतं. मग फळ. मग स्पिरिटची ऊब घशाकडे निघते; आणि मग तुरटपणा असा चढतो की गाल हिरड्यांना चिकटून बसतात. थुंकायचं भांडं असतं, सगळे इमानेइतबारे थुंकतातही, पण तुरटपणा काही भांड्यात जात नाही. तो पुढच्या पेल्यासाठी तोंडात मुक्कामाला राहतो.

पाचव्या पेल्यापर्यंत ग्रॅहम गोडसर, डाउ जरा कोरडी, टेलर ताठ मानेची, फॉन्सेका भरल्या अंगाची, हे फरक स्वच्छ कळतात. दहाव्याला ते आठवावे लागतात. पंधराव्या पेल्यापुढे वहीत ‘काळी. मोठी. गोड.’ एवढंच असतं, आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं तर तिथेही तेच, फक्त अक्षर बरं.

याच अवस्थेत पत्रिका मांडायची असते. ‘2040 ते 2075 या काळात उत्तम’ असं साठीतला गृहस्थ ठणठणीत हाताने लिहितो. ज्योतिषालासुद्धा एवढं अभय नसतं. त्याच्याकडे यजमान निदान लग्न मोडल्यावर जाब विचारायला येतो. इथे जाब विचारणारा अजून शाळेत आहे.

बरं, पत्रिका चुकतातही. 1975 च्या व्हिंटेजची द्राक्षं तोडली तेव्हा पोर्तुगाल क्रांतीच्या धामधुमीतून जात होता. वाइन दिसायला गोंडस निघाली, पण अंगात दम कमी. लवकर पिकली आणि लवकर उतरली. उलट 1994 च्या टेलर आणि फॉन्सेका यांना अमेरिकेच्या ‘वाइन स्पेक्टेटर’ने 100 पैकी 100 गुण देऊन 1997 ची सर्वोत्तम वाइन ठरवलं, आणि त्या नावाला जागल्या. 2011 च्या डाउला तोच मान 2014 मध्ये मिळाला. म्हणजे धड चालायला लागण्याआधीच जीवनगौरव.

इंग्रजांना मात्र वाट पाहण्याचीच चटक. पुतण्या-भाच्याच्या जन्मवर्षाचं अख्खं पिंप त्याच्या नावे घेऊन ठेवायचं, ही तिकडच्या श्रीमंतांची जुनी पद्धत. एका पिंपात सातशेच्या वर बाटल्या होतात. 21 व्या वाढदिवसाला मुलाच्या हाती एवढी पोर्ट देणाऱ्या काकांना मुलाचं भलं हवं होतं की आणखी काही, हे कळायला मार्ग नाही. पिण्यालाही शिस्त: टेबलावर सुरई डावीकडेच सरकवायची. कुणी अडवून बसलं तर ‘सुरई द्या’ म्हणणं असभ्य. ‘आपण नॉरिचच्या बिशपना ओळखता का?’ असं विचारायचं. पोर्तोतल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या फॅक्टरी हाउसमध्ये तर जेवण आटोपलं की पाहुणे शेजारच्या, तशाच मांडलेल्या दुसऱ्या दालनात जाऊन बसतात. का, तर जेवणाच्या वासाने पोर्ट बिघडू नये. जेवल्यावर नुसतं उठून हात धुणाऱ्यांनी या शिस्तीपुढे नम्र व्हावं.

गोव्याहून परतताना पुणे-मुंबईकरांच्या पिशवीत जी ‘पोर्ट वाइन’ असते तिला यातलं काहीच सोसावं लागत नाही. ती गोड असते, स्वस्त असते, आणि तिचं दोरूशी नातं साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलापुरतं. तिच्यासाठी दोन दालनं लागत नाहीत. पणजी ते पनवेल एवढ्या प्रवासात ती पुरेशी मुरते.

प्रस्तुत लेखकाचं मत पारंपरिक इंग्रज काकांना रुचणार नाही: व्हिंटेज पोर्ट तान्ही असतानाही झकास लागते, आणि वीस वर्षं थांबण्याचं व्रत सगळ्यांनी करायची गरज नाही. जुन्या लोकांनी थांबायला सांगितलं त्याला कारण होतं. पूर्वी स्पिरिट निवडायची मोकळीक घराण्यांना नव्हती. ते ठरल्या सरकारमान्य वाटेनेच यायचं आणि त्याचा उग्रपणा बाटलीत जिरायला वर्षं लागायची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही मक्तेदारी संपली. घराणी आपलं स्पिरिट आपण पारखून घेऊ लागली. हौदांचं तापमानही आता आवरता येतं. त्यामुळे आजच्या तान्ह्या पोर्टमध्ये मद्यार्क तितकाच असूनही तो टोचत नाही. फळाचा जोर त्याला पुरून उरतो. हा जोर टिकतो मात्र थोडाच काळ. चार-पाच वर्षांनी ती रुसल्यासारखी मिटते, वासही देत नाही आणि चवही, आणि पुढची दहाएक वर्षं तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. म्हणजे एक तर लवकर, नाहीतर खूप उशिरा. अधेमधे बाटली उघडणाऱ्यालाच पोर्ट आवडेनाशी होते.

तेव्हा लंडन-लिस्बनला असाल किंवा तिकडून कुणी येणार असेल, तर नव्या व्हिंटेजची अर्धी बाटली मागवा. जुन्या पोर्टसारखा गाळ तिच्यात अजून धरलेला नसतो, त्यामुळे मेणबत्ती, फडकं, सुरई असला सोहळा लागत नाही; सकाळी उघडून ठेवा आणि रात्री घ्या. सोबत खमंग निळं चीज किंवा कडू चॉकलेट. उरली तर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये छान राहते. दुसरी बाटली ठेवायचीच असेल तर अंधारात, गारव्यात, आडवी ठेवा. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा फराटा असेल तर तो वर येऊ द्या, म्हणजे गाळ एकाच अंगाला बसतो. आणि दात जांभळे झाले म्हणून लगेच ब्रश घेऊन धावू नका. वाइनमधल्या आम्लाने दातांचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, घासलं की झिजतं. चूळ भरा, आणि तासाभराने घासा.