बिऱ्हाड आणि विद्यालय

पेन्सिल्व्हेनियातील ज्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थांनी मुलांचे शिक्षण सरकारी शाळेच्या हवाली न करता स्वयंपाकघरातील मेजावरच चालविले आहे, त्यांच्यावर घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे बिऱ्हाड आणि विद्यालय ही दोन्ही एकाच खोक्यात भरावी लागतात. 1988 च्या कायद्यान्वये वर्षाकाठी 180 दिवसांच्या, अथवा प्राथमिक वर्गास 900 तासांच्या, अध्यापनाचा हिशेब देणे प्राप्त असल्याने, खोकी रचणे ही भूमिती, जुना पलंग विकणे हे अर्थशास्त्र आणि चिकटपट्टीवरून भावंडांत जुंपलेली झटापट हे नागरिकशास्त्र ठरते. ‘निर्गम’ ग्रंथाचा पाठ तर सप्रयोगच होतो, फक्त मोशेच्या अनुयायांना पाठ्यपुस्तकांचे पेटारे वाहावे लागले नव्हते, एवढाच काय तो भेद. ज्या टेक्ससकडे असे एखादे कुटुंब निघते, तेथे सरकार गृहशाळेकडे ना हजेरीपट मागते, ना परीक्षेचा निकाल. सबब, आपण परमेश्वरावाचून कोणासही जाब देणे लागत नाही असे नित्य बजावणारी माता, तसा योग खरोखरच जुळून येताच, हजेरीपट भांड्यांच्याही आधी हाती लागेल अशा बेताने सर्वांत वरच्या खोक्यात ठेवते.