श्री. एकपिशवीकर यांस अनावृत पत्र

श्री. एकपिशवीकर यांस,
स. न. वि. वि.

आपण नेमके कुठल्या मजल्यावर राहता, ते मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं ठाण्याला घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, कुणी म्हणतं डोंबिवलीला स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. आपली पिशवी मात्र जिन्याच्या टोकावरून ओळखू येते. काळी, गच्च भरलेली, दोन्ही कान ओढून मारलेली डबल गाठ. आत मेथीची देठं, गाळलेल्या चहाचा चोथा, त्यानेच भिजलेला कालचा पेपर, दह्याचा डबा, बाळाचं डायपर, दाढीचं ब्लेड आणि रिमोटचे संपलेले सेल. इतकं सर्वसमावेशक धोरण आजवर कुठल्या सरकारलाही जमलेलं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक असे भाग पाडायला सांगितलं होतं. आपण असला भेदभाव कधी मानला नाहीत, त्याबद्दल अभिनंदन.

आपलं ठरलेलं उत्तर आम्हाला पाठ आहे. ‘वेगळा करून उपयोग काय? गाडीत सगळं एकत्रच तर ओततात!’ यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. सोसायटीने दोन डबे लावायचे आणि गाडीने दोन्ही एकाच पोटात रिकामे करायचे, हे लोकांनी पाहिलेलं आहे. त्याचा जाब प्रभाग कार्यालयात जाऊन विचारायलाच हवा. अडचण एवढीच, की तो विचारायला जाणाऱ्याच्या घरात तरी दोन डबे असावे लागतात.

तरीही आपलं कर्तृत्व लहान नाही. आपलं स्मारक, म्हणजे कचऱ्याचा डोंगर, कल्याणला आधारवाडीत उभं राहिलं, तेही तुरुंगाच्या शेजारी. खाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळेनाशी झाली की त्यातून मिथेन निघतो. मग ठिणगी पडायचा अवकाश, जळायला आपलंच प्लास्टिक आणि पुठ्ठा हजर. ओल्याने गॅस पुरवायचा, सुक्याने सरपण. वेगवेगळे ठेवले असते तर बिचारे एकमेकांना भेटले तरी असते का? डोंगर पेटला की आसपासचे लोक खिडक्या लावून महापालिकेला शिव्या घालत. आपलं नाव कुणी घेतलं नाही, हा आपला विनय.

एप्रिल 2015 मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावरच बंदी घातली, कारण कचऱ्याची धड व्यवस्था नव्हती. या पट्ट्यात बिल्डरांना थांबवणं भल्याभल्यांना जमलं नव्हतं, ते खरकट्याने करून दाखवलं. पुढे बंदी उठली. मे 2020 मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम काढली. ओला आणि सुका वेगळा दिला तरच उचलू, असा तिचा खाक्या. वर्षभराने, मे 2021 मध्ये, आधारवाडीत कचरा टाकणं बंद झालं आणि गाड्या उंबर्डे, बारावेकडच्या प्रकल्पांकडे वळल्या. ते दिवस आपल्याला किती जड गेले असतील!

ठाण्याने कचऱ्याला देशाटन घडवलं. आधी दिवा, मग भंडार्ली, मग डायघर. जाईल तिथले गावकरी विरोधाला उभे. तलावांच्या शहरातलं उष्टं दिव्याच्या माणसाने वर्षानुवर्षं हुंगलं, पण त्यात आपला काय दोष? बाल्कनीतून दिवा दिसत नाही.

आता थोडं कामाचं. आपण वेगळा केला नाही म्हणून कचरा वेगळा व्हायचा राहत नाही. आपली डबल गाठ कुणीतरी बाई नखांनी सोडवते, नाही सुटली तर फाडते आणि आत हात घालते. ब्लेड तिला तिथे भेटतं. चहात भिजलेला पेपर ती बाजूला फेकते, कारण कोरड्या रद्दीला भाव आहे, खरकट्यात लडबडलेल्या लगद्याला नाही. पाण्याची बाटली स्वच्छ असेल तर तिचा धागा होतो, धाग्याचं कापड होतं. काच आणि धातू तर कितीही वेळा वितळवा. जुन्या ॲल्युमिनियमचं नवं करायला खनिजापासून बनवण्यापेक्षा सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र भंगारवालाही हात लावत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. फार तर ते सिमेंटच्या भट्टीत जळतं.

दुधाच्या पिशवीबद्दल खास विनंती. आपण कोपरा कात्रीने पूर्ण उडवता. पिशवी धुतली तर भंगारात जाते, पण तो नखाएवढा त्रिकोण सिंकमधून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. चीर द्या, तुकडा लटकताच राहू द्या. आणि डायपर पेपरात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी ही युक्ती रुजवली; आत काय आहे ते पुडी उघडायच्या आधीच कळतं.

कळावे, लोभ असू द्यावा.

आपला शेजारी

ता. क. रविवारी आपल्याकडे पिझ्झा आला होता, हे वासावरून कळलं. खोक्याचं झाकण कोरडं असेल तर फाडून सुक्यात टाका. तेलकट तळ ओल्यात. सॉसच्या पुड्या कुठे टाकायच्या, ते कंपनीलाच विचारा. मीही विचारणार आहे.