फक्त एकच विचारायचं होतं

पुण्यातल्या जरा जुन्या सॉफ्टवेअर कंपनीत एखादा तरी लिस्पकर सापडतोच. मूळ आडनाव काहीही असो, वर्षभरात सगळे त्याला लिस्पकरच म्हणू लागतात. पगार त्याला जावा लिहिण्याचा मिळतो. लिस्प तो जेवणाच्या सुट्टीत लिहितो आणि डबा तसाच परत नेतो. कुठल्याही भाषेत काही नवं आलं, की चष्मा वर सरकवून तो म्हणतो, "हे आमच्यात आधीपासून आहे." लिस्प 1958 ची, एमआयटीतल्या जॉन मॅकार्थींची. वापरात नसलेली मेमरी आपोआप झाडून घेण्याची सोयही त्यांचीच. त्यामुळे पंचाईत अशी, की लिस्पकरचं म्हणणं बऱ्याचदा खरं निघतं.

तर अशा लिस्पकरकडे लिस्पच्या नव्यानेच नादाला लागलेला एक पोरगा येतो. "सर, फक्त एकच विचारायचं होतं. यादीतली नावं छापायचीयत, मध्ये स्वल्पविराम देऊन. पण शेवटच्या नावानंतरही स्वल्पविराम येतोय."

लिस्पकर खुर्ची ओढतो. इथेच पोराने ओळखायला हवं.

"आधी सांग, एडिटर कुठला?" पोरगा सांगतो. लिस्पकर डोळे मिटून घेतो. मग ईमॅक्स येतं, त्यावर स्लाइम चढतं, लायब्ररी उतरवायला क्विकलिस्प येतं. लिस्प चालवायला एसबीसीएल येतं. एसबीसीएल म्हणजे स्टील बँक कॉमन लिस्प, हे ऐकून पोरगा विचारतो, "कुठल्या बँकेचं सॉफ्टवेअर आहे का, सर?" झालं! तिचं मूळ कार्नेगी मेलन विद्यापीठात, कार्नेगींचं पोलाद, मेलन यांची बँक, म्हणून हे नाव, इथवर कथा जाते. स्वल्पविराम अजून जागच्या जागी असतो.

तासाभराने लिस्पकर हळूच म्हणतो, "फॉरमॅट वापर," आणि तोंडपाठ सांगू लागतो: टिल्ड, महिरपी कंस उघड; टिल्ड, ए; टिल्ड, टोपी; स्वल्पविराम, एक जागा मोकळी; टिल्ड, महिरपी कंस बंद. पोरगा घाबरत टाइप करतो. नावं छापली जातात, शेवटचा स्वल्पविराम गायब. ती टोपी म्हणते, 'यादी संपली असेल तर इथूनच मागे फीर'. पोराचा चेहरा उजळतो आणि तो उठू लागतो.

"बस रे. लूपने कसं करायचं ते बघ."

एवढ्यात कंपनीतला दुसरा लिस्पकर चहाचा कप घेऊन येतो. "लूप? त्याला लिस्प म्हणतात का? कंस कुठेयत त्यात?" आता पोराकडे कुणाचंच लक्ष नसतं. दुसरा लिस्पकर एक लायब्ररी सुचवतो. पोरगा धीर करून म्हणतो, "पण सर, हिच्यात कितीतरी वर्षांत काही बदल झालेला नाही. बंद पडली असेल." दोघंही एकदम वळतात. "बंद पडलेली नाही. पूर्ण झालीय!" या एका मुद्द्यावर जगातल्या कुठल्याही दोन लिस्पकरांचं एकमत होतं. 1994 साली कॉमन लिस्पचं मानक ठरलं, ते आजही तेच आहे, याचा त्यांना कोण अभिमान.

पोरगा आता चुकून खरा प्रश्न विचारतो. "सर, रक्कम 12,34,567 अशी छापता येईल? आपल्या लाखांत?"

शांतता. कारण फॉरमॅटला काय येत नाही! इंग्रजी अक्षरांत आकडा लिहिता येतो, रोमन अंकांत लिहिता येतो, त्यातही चारासाठी चार उभ्या काठ्यांची जुनी पद्धत हवी असेल तर तीही. स्वल्पविराम दर तीनऐवजी दर दोन आकड्यांनी टाकता येतो. लिस्पकर तो टाकून बघतो: 1,23,45,67. आधी तीन आणि मग दोन-दोन, हा आपला हिशेब मात्र त्यात नाही. रोमन सम्राटाची सोय आहे, तुळशीबागेतल्या दुकानदाराची नाही.

ही गोष्ट लिस्पकरच्या जिव्हारी लागते. फॉरमॅटला आपलं स्वतःचं फंक्शन जोडता येतं, ती वाट तो धरतो. रात्री अडीचला पोराचा फोन वाजतो: तीन निरनिराळ्या पद्धतींनी तेच काम, तिसरीत एक मॅक्रो, शिवाय ऋण संख्या आल्या तर काय, याची वेगळी सोय. खाली एक ओळ, "शेवटची पद्धत जास्त चांगली आहे, पण तुला आत्ता कळणार नाही."

आणि त्या तिन्ही चालतात. माझ्या मते लिस्पकरची खरी गंमत इथे आहे. तोरा हवा तेवढा, पण 'मला वेळ नाही' हे वाक्य त्याला लिहिता येत नाही. दुसऱ्याचं अडलेलं काम त्याला स्वतःचं वाटतं. कौतुकाची वाट न पाहता तो सकाळी पुन्हा जावाच्या रांगेत उभा असतो.

तेव्हा लिस्पमध्ये काही अडलं, तर त्याला जरूर विचारा. फक्त शुक्रवारी संध्याकाळी विचारा, आणि जेवायला थांबू नका असं घरी कळवून मगच विचारा.